जळीत आणि आपले वाङ्मय

परळीच्या वैजनाथाची कथा तिकडच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना देवांनी शिवलिंगात दडवले. दैत्य त्या लिंगाला हात लावायला गेले तेव्हा त्यातून ज्वाळा उसळल्या. भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरले. म्हणून येथे लिंगाला हात लावून दर्शन घ्यायची चाल आहे. लहानपणी आजीच्या तोंडून ही कथा ऐकताना मला एक शंका आली होती. ज्वाळा निघाल्या तेव्हा दैत्यांचे हात भाजले असणार. मग त्या हातांचे पुढे काय झाले? आजीने मला गप्प केले. कथेला त्या हातांची गरज नव्हती.

पुढे वाङ्मयाविषयी चार शब्द लिहिण्याचा उद्योग अंगवळणी पडला आणि ही शंका मी विसरलो. ती पुन्हा जागी झाली ती माझ्याच एका लेखामुळे, आणि तो प्रसंग माझ्या अंगावर आलेला असल्यामुळे येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळी अंकात मी एका कथेवर लिहिले होते. कथेतील सून शेवटी स्टोव्हच्या भडक्यात जळून मरते. हा शेवट ‘अपरिहार्य’ आहे, त्यात सगळ्या कथेचे ताण ‘एकवटून येतात’, असे काहीबाही मी मोठ्या समाधानाने लिहिले होते. परळीला माझ्या चुलतभावाचे घर आहे. त्याची बायको, आमची वहिनी, दिवाळी अंकांच्या लायब्ररीची जुनी वर्गणीदार. तिने तो लेख वाचला होता. मी गेलो तेव्हा चहा पुढे ठेवीत ती म्हणाली, “भावजी, ती बाई मेली नसती तर तुम्ही लिहिलं असतं का हो तिच्यावर?”

वहिनी स्वतः १९९६ साली स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली आहे. मान, छाती, दोन्ही हात. मी तिच्याकडे गेली कित्येक वर्षे पाहत होतो आणि तो लेख लिहिताना ती मला एकदाही आठवली नव्हती. टीकाकाराला याहून मोठी चपराक कोणती असणार?

तेव्हापासून मी आपले वाङ्मय या एका बाजूने पुन्हा वाचतो आहे. जे दिसले ते मांडतो.

आधी भाषाच पाहा. जाळाने होणाऱ्या इजेसाठी मराठीला शब्दांचा तोटा नाही. चटका बसतो, पोळते, भाजते, करपते, होरपळते, जळते. प्रत्येकाची छटा वेगळी. तुपाने पोळते, तव्याचा चटका बसतो, भाकरी आणि पीक करपते, दुष्काळात माणसे होरपळतात. ‘भाजली’ म्हटले की ऐकणारा दवाखान्याचे नाव विचारतो; ‘जळाली’ म्हटले की कधी, असे विचारतो. सुश्रुताने तर भाजण्याचे चार प्रकार करून त्यांना प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध अशी नावे दिली. एवढी ही श्रीमंती! पण जाळ विझल्यानंतरच्या अवस्थेसाठी शब्द शोधायला जावे तर हाती काय लागते? खपली, व्रण आणि डाग. त्यांतला ‘डाग’ हा शब्द कपड्यालाही लागतो आणि चारित्र्यालाही. ताणून बसलेली, रबरासारखी जाड झालेली, रात्रभर खाजणारी, मानेला छातीशी ओढून धरणारी कातडी असते. तिला घरगुती मराठीत नाव नाही. ज्याला नाव नाही ते आपल्या गोष्टीत येत नाही, आणि गोष्टीत येत नाही म्हणून त्याला नाव मिळत नाही.

पुराणांत अग्नीतून जाणाऱ्यांच्या दोनच गती आहेत. एक तर राख, नाही तर झळाळी. मदन भस्म होतो आणि पुढे अनंग म्हणून, देहाशिवाय, वावरतो. होलिका जळते. सीता अग्नीतून बाहेर येते ती मात्र केसालाही धक्का न लागता. आपल्या भाषेतील ‘अग्निदिव्य’, ‘तावून सुलाखून निघणे’ हे सारे वाक्प्रचार याच दुसऱ्या गतीचे. ते सोनाराच्या दुकानातून आले आहेत. सोने आगीत घातले की शुद्ध होते, हे खरे. पण कातडे सोन्याचे नाही. आगीतून गेलेला माणूस अधिक उजळ होऊन निघतो ही कल्पना आपल्या कवींनी आणि कादंबरीकारांनी इतक्या वेळा वापरली आहे की, खरोखरच आगीतून निघालेला माणूस समोर आला की तो आपल्याला उपमेचा भंग वाटू लागतो.

या दोन गतींमधले कोणी महाभारतात असेल म्हणून पाहिले. लाक्षागृहात पांडवांच्या ऐवजी एक निषादी आणि तिचे पाच मुलगे जळाले. ते राखेच्या बाजूचे. खांडववन जळाले तेव्हा वाचले ते मोजके: मयासुर, शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले आणि तक्षकाचा मुलगा अश्वसेन. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या वनदाहाचा जाब विचारला, आपल्या टीकेत असा प्रश्न विचारणे हेच तेव्हा नवे होते. पण त्या वाचलेल्यांचे पुढे काय होते ते पाहा. मय सभा बांधतो. अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून परत येतो, सूड घ्यायला. आगीतून वाचलेल्याने उपयोगी पडावे किंवा सूड घ्यावा. त्याने नुसते जगावे, याला महाकाव्यात जागा नाही.

अर्वाचीन वाङ्मयात फारसे वेगळे घडलेले नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही आपल्याकडील अत्यंत वाचकप्रिय कादंबऱ्यांपैकी एक. थेऊरला १७७२ साली माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी तेथे संपते. तो शेवट वाचून रडलेले वाचक मी पाहिले आहेत, मीही त्यांतलाच. आज मला त्या आसवांविषयी थोडी शंका येते. ती चिता इतिहासातील आहे, लेखकाने ती रचलेली नाही, हे कबूल. पण वाचक म्हणून आपण त्या आगीजवळ जातो ते निष्ठेचा प्रकाश पाहायला. आगीला आच असते हे आपण सोयीने विसरतो. आपल्या अभिरुचीने आग हा अलंकार करून टाकला आहे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने हा अलंकार ओरबाडून काढला, ही तिची वाङ्मयीन कामगिरी पुरेशी नोंदली गेलेली नाही. ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली रंगमंचावर आले. त्याच वर्षी नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविषयीचे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. स्टोव्हचा भडका हा ‘अपघात’ नव्हे, हे तेव्हा मोठ्याने बोलले गेले आणि ते बोलणे आवश्यक होते. पण चळवळीलाही मेलेली सूनच हवी होती. पुराव्यासाठी हवी होती, म्हणून मी तिला दोष देत नाही. मला एवढेच दिसते की, कथेलाही तीच हवी होती, चितेलाही तीच.

जळिताने मराठीला एकच अस्सल गद्यप्रकार दिला आहे, आणि तो कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. तो म्हणजे मृत्युपूर्व जबानी. खाटेशेजारी अधिकारी बसतो, डॉक्टर रुग्ण शुद्धीवर असल्याचे लिहून देतो, आणि घोटाघोटाने चार-सहा वाक्ये उतरवून घेतली जातात. हाताचा अंगठा भाजलेला असला तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. ही वाक्ये मी वाचली आहेत. त्यांत विशेषण नसते. स्टोव्ह, रॉकेल, साडी, दार, कडी. आमच्या कथाकारांनी संयमाचे धडे तेथे जाऊन घ्यावेत! पण या गद्यप्रकाराची अट पाहा. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६ व्या कलमाने, ही जबानी पुरावा म्हणून मानली जाते ती बोलणारे माणूस मेले असेल तर. ते वाचले तर त्याच शब्दांचे वजन उतरते. मग त्याने न्यायालयात उभे राहून पुन्हा सांगावे, आणि आधीचा कागद फार तर त्याला दुजोरा देण्यापुरता. कायद्याला यासाठी कारणे आहेत आणि ती योग्य आहेत. परंतु वाङ्मयाने ही अट कोणत्या कारणाने स्वीकारली?

वहिनीचीही जबानी झाली होती. ती म्हणते, “सायबानं तीनदा विचारलं, कसं झालं म्हणून. घरी आल्यावर कोणी एकदाही विचारलं नाही.” तिच्या बाबतीत तो खरोखरच स्टोव्हचा भडका होता, पिन मारताना तेल उडाले. पण ही साधी गोष्ट तिला अजून पटवून द्यावी लागते. ज्यांना खलनायक हवा असतो ते तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत, आणि ज्यांना नको असतो ते ऐकायला थांबत नाहीत.

जबानीनंतरचे आयुष्य असते कसे? वैद्यकाला ते ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे बरीच किंवा गंभीर भाजतात. जगभरात भाजून मरणारी माणसे वर्षाला सुमारे एक लाख ऐंशी हजार. म्हणजे मरणाऱ्यांपेक्षा जगणारे कितीतरी पटींनी जास्त. जखम भरली म्हणजे रोगी सुटला असे मुळीच नाही. व्रण वर्ष-दोन वर्षे पिकत राहतो, जाडावतो, आखडतो. आणि त्यात एक क्रूर विनोद असा की, ज्या स्थितीत भाजलेल्याला बरे वाटते तीच स्थिती त्याला पुढे जखडते. मान खाली घातली की वेदना कमी होते. म्हणून उशी काढून घ्यावी लागते, नाही तर हनुवटी छातीला चिकटते. बोटे मिटली की आराम पडतो. म्हणून ती फळीला बांधून ताठ ठेवावी लागतात. ज्याने सुख त्यानेच अपंगत्व! कथाकाराला याहून मोठा ताण तो कोणता हवा? वर घट्ट दाबाचे कपडे, दिवसातले तेवीस तास, कित्येक महिने. शिवाय दुसरीकडून काढून बसवलेल्या पातळ कातडीला घाम येत नाही, कारण घामाच्या ग्रंथी तिच्याबरोबर येत नाहीत. परळीचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांनाच या एका वाक्याचा अर्थ कळेल. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, औष्णिक विद्युत केंद्राची राख वाऱ्यावर असते, आणि वहिनी ओले पंचे खांद्यावर टाकून ओसरीत बसलेली असते. निम्म्या अंगाला घाम येतो, निम्म्याला येत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठवाड्याच्या उन्हावर आपण पुष्कळ लिहिले. हे ऊन त्यात नाही.

येथे एका अगदी अवाङ्मयीन मजकुराची गोष्ट सांगतो. भाजलेल्या माणसाचे आयुष्य कितपत सुसह्य झाले आहे हे मोजण्यासाठी डॉक्टरांनी एक प्रश्नावली केली आहे. मूळ १९८२ ची, अमेरिकेतली. स्वीडनच्या संशोधकांनी २००१ साली ती आटोपशीर केली. चाळीस प्रश्न, नऊ गट: साधी कामे, हाताची कामे, उष्णता सोसणे, उपचारांचा जाच, कामधंदा, स्वतःच्या शरीराविषयी वाटणे, मनःस्थिती, माणसांशी संबंध आणि कामजीवन. मी ती आधी कुतूहलाने आणि मग संकोचाने वाचली. आपल्या एकाही कथेने भाजलेल्या बाईला या नऊपैकी तीन गोष्टीही विचारलेल्या नाहीत. उन्हाला तिथे स्वतंत्र गट आहे! नवरा-बायकोच्या अंथरुणाविषयी तिथे सरळ विचारले आहे. आमच्याकडे नवकथेनेही तेथे पडदा पाडला. आणि या विषयातील संशोधकांना वारंवार आढळते ते असे की, शरीराचा किती भाग भाजला एवढ्यावरून पुढचे आयुष्य कसे जाईल ते सांगता येत नाही; मन, माणसे आणि काम यांचा त्यात मोठा वाटा असतो. कादंबरीकाराचे म्हणून जे क्षेत्र ते नेमके हेच नव्हे काय?

पण प्रश्नावलीही एक वाङ्मय आहे आणि तिलाही तिचा गाव आहे. मी तिचा ओबडधोबड तर्जुमा करून वहिनीला वाचून दाखवला. बुटाची नाडी बांधता येते का, सपाट जागेवरचे नाणे उचलता येते का, कुलूप उघडता येते का, सही करता येते का, काट्याचमच्याने खाता येते का. ती हसू लागली. “भाकरी थापता येते का, हे कुठं विचारलंय?” मग तिने मला समजावले, ते मी जसेच्या तसे मनात ठेवले आहे. ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी घालायचे, ते मळायचे, तळवा पूर्ण उघडून बोटे सपाट ठेवून गोळा फिरवीत थापायचा, उचलून तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचे, आणि जाळासमोर बसून राहायचे. आखडलेली बोटे, पोळपाटाला न टेकणारा तळवा, आच न सोसणारी कातडी आणि जाळाची भीती, सगळे त्या एका भाकरीत आहे. वहिनीला पहिली भाकरी जमायला चार वर्षे लागली. ती वेडीवाकडी झाली आणि दिराने चेष्टा केली. तो दीर म्हणजे मीच. मला ते आठवतही नव्हते.

बाहेरच्या वाङ्मयात काय आहे म्हणून शोधले तर एक पुस्तक आवर्जून घ्यावे लागते. रिचर्ड हिलरी हा ब्रिटिश वैमानिक ३ सप्टेंबर १९४० रोजी विमान पेटून भाजला; चेहरा आणि हात गेले. ईस्ट ग्रिन्स्टेड या गावच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाने त्याला नव्या पापण्या दिल्या. १९४२ साली त्याने ‘द लास्ट एनिमी’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले आणि जानेवारी १९४३ मध्ये, वय वर्षे तेवीस असताना, रात्रीच्या सरावात विमान कोसळून तो मेला. त्याच्या रुग्णालयाची पाने अप्रतिम आहेत. कडवट, विनोदी, स्वतःला न कुरवाळणारी. तरीही पुस्तकाचा शेवट मला खटकतो. बॉम्बने पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याखालून तो एका बाईला बाहेर काढतो. ती मरता मरता त्याच्या चेहऱ्याकडे पाहून दोन शब्द बोलते आणि त्याला जगण्याचा अर्थ सापडतो. हा प्रसंग खरोखर असा घडला की नाही, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. त्या बाजूला ठेवू. पण जो स्वतः वाचला आहे त्यालाही पुस्तक पुरे करायला मरणारी बाई लागली, हे पाहून माझा माझ्या लेखावरचा राग थोडा कमी झाला.

हिलरीच्या पुस्तकापेक्षा मला त्या गावाची गोष्ट मोठी वाटते. मॅकिंडोने रुग्णांना रुग्णालयाचे कपडे घालायला लावले नाहीत, वॉर्डात बिअरचे पिंप ठेवले, आणि गावकऱ्यांना जाऊन सांगितले की या मुलांना घरी बोलवा, त्यांच्याकडे टक लावून पाहू नका. न रोखून पाहणारे गाव, अशीच त्याची ख्याती झाली. रुग्णांनी १९४१ साली ‘गिनी पिग क्लब’ काढला. पुढे त्याचे सहाशेच्या वर सभासद झाले. खजिनदार म्हणे पाय भाजलेला निवडला, पैसे घेऊन पळू नये म्हणून. आणि चिटणीस बोटे भाजलेला, म्हणजे सभेचे वृत्त लांबणार नाही! ते वीर होते, त्यांच्यामागे राष्ट्र होते, हे खरे. स्टोव्हपुढे बसलेल्या बाईमागे कोण असते?

कारखान्यात भाजलेल्या पुरुषामागे तरी कोण असते? परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात डिसेंबर २०१७ मध्ये उसाच्या गरम रसाची टाकी फुटली. कामगार भाजले, त्यांतले काही दगावले. वर्तमानपत्रांनी मृतांची संख्या दिली, ती वाढली तशी वाढवून दिली. जे परतले त्यांची बातमी नसते. बीड जिल्ह्याच्या ऊसतोडणीवर आपण आता बरेच लिहू लागलो आहोत. उसाचा रस उकळतो तेथपर्यंत आपली कादंबरी अजून पोहोचायची आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवनिहाय टक्केवारी आहे. अंगठा गेला तर तीस टक्के. आणि चेहरा अतिशय विद्रूप झाला तर शंभर टक्के, दोन्ही हात गेल्याइतके. हा तक्ता करणाऱ्या कारकुनाला माणसाच्या चेहऱ्याची किंमत आमच्या कित्येक लेखकांपेक्षा अधिक कळली होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अलीकडे एक बदल झाला आहे. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया पडद्यावर आल्या. मेघना गुलजार यांचा ‘छपाक’ २०२० चा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही आम्लहल्ल्याच्या बळींना यादीत स्वतंत्र जागा दिली. ‘छपाक’मध्ये नायिका आरशात पाहते, कामाला जाते, हसते, एवढेही आपल्याकडे नवे होते. पण चित्रपट चालतो तो खटल्याच्या बळावर. गुन्हेगार आहे म्हणून गोष्ट आहे. स्टोव्हने, विजेने, उकळत्या रसाने भाजलेल्यांना शत्रू नसतो. त्यांना कायद्याच्या यादीत तसे नाव नाही आणि कथेत भूमिका नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो मीच तीस वर्षे घेत आलो आहे: हे सारे समाजकार्य झाले, कलेचा यात काय संबंध? बरे होण्यात घटना नाही. तेच तेच ड्रेसिंग, तीच खाज, तोच व्यायाम. त्याला चढण नाही, कळस नाही. आक्षेप खरा आहे, पण तो आपल्या कथेच्या घाटावरचा आक्षेप आहे, आयुष्यावरचा नव्हे. कळस हवाच असे कोणी ठरवले? ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळकांनी घरातले रोजचे रुसवे आणि फजिती लिहून काढली आणि मराठी गद्य श्रीमंत केले. जात्यावरच्या ओवीला कुठे शेवट असतो? दळण संपले की ओवी थांबते. पुनरावृत्तीला लय देणे ही आपल्या भाषेची जुनी विद्या आहे. ती आपण कथेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचे पान बांधून पाहिले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही. ज्या पानावर आपण सणाला जेवतो ते पान! मी कथाकार असतो तर येथून सुरुवात केली असती.

वहिनीला मी म्हटले की तू लिही. “काय लिहू, खाज सुटते म्हणून?” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, दिवा लावायला उठता उठता, खाज रात्रीच का वाढते याविषयी ती पंधरा-वीस मिनिटे बोलत होती. हा लेख छापायला देण्यापूर्वी तिला वाचायला दिला. तिने चष्मा लावून सबंध वाचला आणि एका जागी पेन्सिलीने रेघ मारली. तेथे मी तिच्या धीराविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या. “हे धीर-बीर काढा,” ती म्हणाली, “भाकरीचं राहू द्या.”